पहिला प्रयोग झाला, दुसऱ्याचं काय? (फ्लोरेन्स प्राइस आणि ऑर्केस्ट्रांचे कार्यक्रम)

सातूचंपीठ

गेल्या शनिवारी लेकीच्या यूथ ऑर्केस्ट्राची मैफल होती. ती व्हायोला वाजवते. (व्हायोला म्हणजे नक्की काय, हे सातारच्या आत्याला मी 'व्हायोलिनची थोरली बहीण, जिला स्थळं येत नाहीत' असं सांगून ठेवलंय.) आमच्यासाठी मैफल म्हणजे पार्किंग, काळे बूट, घरी विसरलेलं रोझिन (गजाला लावायची राळ) आणि मग दीड तास खुर्चीत डुलक्या. या वेळी डुलकी लागली नाही.

मधेच चारेक मिनिटांचा एक तुकडा सुरू झाला आणि शेजारचे आजोबा गुडघ्यावर ताल धरायला लागले. कार्यक्रमपत्रिका उलटून बघितली: फ्लोरेन्स प्राइस, पहिली सिंफनी, तिसरा भाग, 'जूबा डान्स'. जूबा हा अमेरिकेतल्या गुलाम माणसांचा नाच. ढोल बाळगायला बंदी, म्हणून मांड्या, छाती, टाळ्या आणि टाचा हीच वाद्यं. सिंफनी म्हणजे ऑर्केस्ट्राची, बहुधा चार भागांची मोठी रचना. तिच्या तिसऱ्या भागात एरवी मिन्युएट हा युरोपी दरबारी नाच किंवा स्केर्झो हा त्याचाच वेगवान भाऊबंद असतो. प्राइसबाईंनी त्या दरबारी नाचाच्या पाटावर मळ्यातल्या नाचाला बसवलं.

घरी येऊन रात्री दोनपर्यंत वाचत बसले. जन्म १८८७, लिटल रॉक, आर्कान्सा. वडील डेंटिस्ट. बोस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत शिकायला गेली तेव्हा नोंदणीत गाव लिहिलं मेक्सिकोतलं, कारण मेक्सिकन म्हणून खपून जाणं कृष्णवर्णीय म्हणून वावरण्यापेक्षा सोपं होतं. पुढे लिटल रॉकमधल्या वर्णद्वेषी हिंसेला कंटाळून १९२७ मध्ये कुटुंब शिकागोला आलं. मूकपटांना ऑर्गनची साथ करणं, शिकवण्या, घटस्फोट, दोन मुली. १९३१ च्या जानेवारीत तिचा पाय मोडला. सक्तीची विश्रांती मिळाली आणि तिनं सिंफनी लिहायला घेतली. पुन्हा पाय मोडण्याचं भाग्य कधी लाभणार, अशा अर्थाचं तिनं एका पत्रात लिहून ठेवलंय! त्या सिंफनीला १९३२ मध्ये कृष्णवर्णीय संगीतकारांसाठीच्या वॅनामेकर स्पर्धेत ५०० डॉलरचं बक्षीस मिळालं आणि १५ जून १९३३ ला शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्रानं फ्रेडरिक स्टॉकच्या हाताखाली ती वाजवली. एखाद्या मोठ्या अमेरिकन ऑर्केस्ट्रानं कृष्णवर्णीय स्त्रीची सिंफनी वाजवण्याची ही पहिली वेळ.

इथवरची गोष्ट मार्चमधल्या महिला दिनाच्या पोस्टरवर असते. मला झोप आली नाही ती पुढच्यामुळे.

त्या मैफलीच्या खर्चाची जबाबदारी शिकागोतल्याच एका कृष्णवर्णीय बाईंनी घेतली होती. मॉड रॉबर्ट्स जॉर्ज, शिकागो म्युझिक असोसिएशनच्या अध्यक्षा. म्हणजे ऑर्केस्ट्राला अचानक साक्षात्कार वगैरे झालेला नव्हता. त्याच संध्याकाळची सुरुवात जॉन पॉवेल यांच्या रचनेनं झाली. हे गृहस्थ व्हर्जिनियात वंशशुद्धीच्या कायद्यासाठी झटलेले उघड गोरे वर्चस्ववादी! आणि नंतर? नंतरची वीस वर्षं ती पत्रं लिहीत राहिली. १९४३ मध्ये बोस्टन सिंफनीचे कंडक्टर कुसेवित्स्की यांना लिहिलं की माझ्यामागे दोन अडथळे आहेत, मी बाई आहे आणि माझ्या अंगात काही निग्रो रक्त आहे. तेवढं बाजूला ठेवून माझं संगीत बघा. त्यांनी तिचं काही वाजवलं नाही. १९५३ मध्ये ती गेली. २००९ मध्ये शिकागोच्या दक्षिणेला सेंट ॲन नावाच्या गावात एका जोडप्यानं पडीक घर विकत घेतलं. झाड कोसळून छपराला भोक पडलेलं, आणि आत कोरड्या राहिलेल्या कोपऱ्यात कागदांचे गठ्ठे. त्यात दोन व्हायोलिन कॉन्चेर्टो (एक वाद्य पुढे आणि ऑर्केस्ट्रा साथीला, अशा रचना) होते आणि चौथी सिंफनी होती.

माझे बाबा हौशी रंगभूमीवर. ते म्हणायचे, शुभारंभाच्या प्रयोगाला हॉल भरतोच, निम्मे नातेवाईक असतात. नाटक आहे की नाही ते पंचविसाव्याला कळतं. प्राइसबाईंना १९३३ मध्ये शुभारंभ मिळाला. दुसरा प्रयोग लावायला सहसा कोणी तयार नव्हतं.

ऑर्केस्ट्रांच्या कार्यक्रमांत बायका आणि गोरेतर संगीतकार वाढवायचे म्हणून आता बरंच चाललंय. 'डॉने' नावाच्या संस्थेनं २०२०-२१ च्या हंगामात २७ देशांतल्या १०० ऑर्केस्ट्रांच्या १४,७४७ रचना मोजल्या. त्यात बायकांच्या ७४७, म्हणजे साधारण पाच टक्के. पुढच्या हंगामाच्या मोजणीत हा आकडा ७.७ टक्क्यांवर गेला. पण या ७.७ मधलं किती पुन्हा वाजणार? इथे वाजवणारे, ऐकणारे लोक आहेत, म्हणून विचारतेय.

खारीबिस्किट

पाय मोडल्यावर सिंफनी!! माझा मोडला होता तेव्हा मी एका मालिकेचे सहा सीझन संपवले होते. वाचतेय.

शंकासुर

ताई, लिहिलंय सुरेख. पण जरा विरोधी सूर लावतो, नाहीतर धागा 'छान छान' म्हणत झोपेल.

आत्ताच पहिली सिंफनी पूर्ण ऐकली. वाईट नाही. पण ड्वोर्झाक या झेक संगीतकारानं अमेरिकेत लिहिलेली 'न्यू वर्ल्ड' सिंफनी पाटीसमोर ठेवून लिहिल्यासारखी आहे. तीच ई मायनर पट्टी, तशाच पाच सुरांच्या धुना. पहिला भाग लांबतो. ही सिंफनी एखाद्या जर्मन पुरुषाची असती तर आज कोणी वाजवली असती का? अठराव्या-एकोणिसाव्या शतकात सिंफन्या लिहिणारे गोरे पुरुष ढिगानं होते आणि त्यांतले बहुतेक आज कोणाच्या गावीही नाहीत. काळाची चाळणी सगळ्यांनाच लागते.

याच अमेरिकन ऑर्केस्ट्रांनी वादक निवडताना पडदा लावला, म्हणजे परीक्षकांना वादक दिसत नाही, नुसता ऐकू येतो. बोस्टनमध्ये १९५२ पासून, बाकी ठिकाणी सत्तर-ऐंशीच्या दशकांत. टाचांच्या आवाजावरून बाई ओळखू येऊ नये म्हणून खाली गालिचासुद्धा घालतात. बायका वाढल्या त्या वाजवण्याच्या जोरावर. ही पद्धत मला मान्य आहे. संगीतही तसंच निवडा ना. नाव झाका, स्कोअर (सगळ्या वाद्यांचं लिहिलेलं संगीत) बघा. यादी बघून टक्केवारी भरायची असेल तर ते आपल्या ओळखीचं राजकारण झालं.

दिवाळीअंक

आलं का आरक्षण? पॉपकॉर्न घेतो.

सातूचंपीठ

दिवाळीअंक, कृपा करा, त्यासाठी वेगळे पन्नास धागे आहेत इथे.

शंकासुर, ड्वोर्झाकबद्दल एवढंच: न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरीत त्याला स्पिरिच्युअल्स (गुलाम कृष्णवर्णीयांची भक्तिगीतं) गाऊन दाखवणारा विद्यार्थी हॅरी बर्ली. कृष्णवर्णीय. 'न्यू वर्ल्ड' १८९३ ची. म्हणजे आजोळचा दागिना प्राइसबाईंनी अंगावर घातला तर तो शेजाऱ्याकडून उसना आणला म्हणायचं!

पहिला भाग लांबतो, हे मात्र मलाही वाटलं.

मागचाबाक

मी न्यू जर्सीत एका हौशी ऑर्केस्ट्रात सेकंड व्हायोलिनला, शेवटून दुसऱ्या बाकावर बसतो. दिवसा सॉफ्टवेअर. तीन वर्षं कार्यक्रम ठरवणाऱ्या समितीत होतो, त्यामुळे पडद्याबद्दल बोलायचा थोडा हक्क आहे.

शंकासुर, असा पडदा लावायला मुळात स्कोअर टेबलावर यावा लागतो. समितीत स्कोअर कोणी वाचत नाही हो. नावं वाचली जातात. "मागच्या वर्षी ब्राम्स दुसरी झाली, आता चौथी घेऊ." "सोलोइस्ट काय वाजवतेय? सिबेलियस? मग नंतर काहीतरी खपणारं हवं." अर्ध्या तासात वर्ष ठरतं.

आता एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. आमच्या लायब्ररीच्या कपाटात बेथोवेनच्या पाचवीचे पार्ट्स आहेत. प्रत्येक वादकासमोर त्याच्या वाद्यापुरती जी वही असते ती. चाळीस वर्षांत हाताळून मऊ झालेले. त्यांवर गज कुठे वर, कुठे खाली, कुठे श्वास, कुठे "कंडक्टरकडे बघ!!" हे सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं. नवा माणूस आला तरी पहिल्या तालमीत निम्मं काम झालेलं असतं, कारण त्याच्या आधी त्या बाकावर बसून गेलेले दहाजण त्याला शिकवत असतात.

प्राइसचे पार्ट्स आम्ही चौकशी केली तेव्हा भाड्यानंच मिळत होते. पैसे भरा, वाजवा, पेन्सिलीच्या खुणा खोडून परत करा. गज कसे चालवायचे ते कॉन्सर्टमास्टरनं (व्हायोलिनवाल्यांच्या म्होरक्यानं) शून्यापासून ठरवायचं. कुठे काय अडतं ते कोणालाच ठाऊक नाही. व्यावसायिक ऑर्केस्ट्रालासुद्धा एका आठवड्याच्या कार्यक्रमाला साधारण चारच तालमी मिळतात. मग काय होतं? अनोळखी रचना दहा मिनिटांचीच घ्यायची, सुरुवातीला ठेवायची, म्हणजे उशिरा येणाऱ्यांचं नुकसान होत नाही. त्यानंतर कॉन्चेर्टो, मध्यंतर, आणि मग ज्यासाठी तिकीट काढलं ती सिंफनी. बायकांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या वाट्याला हीच सुरुवातीची दहा मिनिटं येतात. जेसी माँटगोमेरीचं 'स्टारबर्स्ट' इतकं का वाजतं? झकास आहे, तंतुवाद्यांपुरतं आहे आणि साडेतीन मिनिटांत संपतं. या बाई तीन वर्षं शिकागो सिंफनीच्या निवासी संगीतकार होत्या, मोठ्या रचनाही आहेत त्यांच्या. पण आमच्यासारख्यांच्या यादीत त्या साडेतीन मिनिटांच्याच.

म्हणून ताईंचा 'दुसऱ्या प्रयोगा'चा मुद्दा मला फार जवळचा वाटला. पहिल्यांदा वाजवलेलं काहीही अर्धंकच्चं वाजतं, अगदी बेथोवेनसुद्धा. फरक इतकाच की तेव्हा दोष आम्हाला मिळतो. प्राइस कच्ची वाजली की दोष प्राइसला. "ऐकली बुवा, काही खास नाही."

तानपुराजुळेना

शंकासुर यांनी मागितलेली चाचणी इतिहासात चुकून एकदा झालीय.

१९७० च्या सुमारास पॅरिसमध्ये एका पियानो सोनाटाचं हस्तलिखित सापडलं. 'ईस्टर सोनाटा'. नाव फक्त 'एफ. मेंडेल्सोन'. अर्थातच प्रसिद्ध जर्मन संगीतकार फेलिक्स, असं सगळ्यांनी धरलं. त्याच्या नावानं ती ध्वनिमुद्रितही झाली. पुढे २०१० मध्ये अँजेला मेस या अभ्यासक बाईंनी हस्ताक्षर आणि पानांचे क्रमांक तपासून दाखवलं की ही त्याच्या बहिणीची, फॅनीची. इतकी वर्षं नाव झाकलेलंच होतं की! झाकलेल्या नावाखाली सगळ्यांनी आपोआप भावाचं नाव वाचलं.

त्याच भावंडांचा दुसरा किस्सा. फेलिक्सनं बहिणीची काही गाणी स्वतःच्या संग्रहात छापली होती. १८४२ मध्ये बकिंगहॅम राजवाड्यात व्हिक्टोरिया राणीनं आवडतं म्हणून नेमकं त्यातलंच 'इटालियन' गायलं आणि त्याला कबूल करावं लागलं की हे फॅनीचं. बिचारा.

अवांतर, पण फार अवांतर नाही: मी हिंदुस्थानी गाते. आपल्याकडे गायिका किती, आणि ज्यांची बंदिश दुसऱ्या घराण्यातला कोणी गातो अशा बायका किती? 'सदारंग', 'प्रेमपिया', 'सबरंग' या छापा, म्हणजे रचनाकारांची टोपणनावं, बंदिशीतच असतात, म्हणून रचनाकाराचं नाव टिकतं. प्रभाताई अत्र्यांचं 'जागूं मैं सारी रैना' आता कोणीही गातं, पण गाताना ते प्रभाताईंचं आहे हे किती जणांना ठाऊक असतं? अश्विनीताई भिड्यांनी 'रागरचनांजली' स्वरलिपी आणि गायनासकट प्रसिद्ध केलं ते मला म्हणूनच मोठं वाटतं. दुसऱ्याला गाता येईल अशी व्यवस्था करून ठेवली. मागचाबाक म्हणतात ते पार्ट्सचं कपाट आपल्याकडे असं तयार होतं.

आणि हो, लताबाईंनी भालजींच्या चित्रपटांना संगीत दिलं ते 'आनंदघन' या नावानं. 'साधी माणसं'च्या संगीताला राज्य पुरस्कार मिळाला तेव्हा आनंदघन कोण, याचीच चर्चा. लता मंगेशकरला टोपणनाव घ्यावंसं वाटलं, हे पुन्हा एकदा वाचा.

खारीबिस्किट

आनंदघन म्हणजे लता हे माझ्या आईला काल कळलं. 'ऐरणीच्या देवा' ती गेली पन्नास वर्षं गुणगुणतेय.

शंकासुर

सोनाटाचं उदाहरण मान्य. ते माहीत नव्हतं, सपशेल शरणागती.

पण तानपुराजुळेना, तुमच्याच उदाहरणात माझाही मुद्दा आहे. फॅनीची सोनाटा पुढे आली ती पुराव्यानं, हस्ताक्षर तपासून, संशोधनानं. मला आक्षेप आहे तो आठ मार्चच्या मैफलीला. वर्षभर पुरुष, आणि एक दिवस सगळ्या बाया एका खोलीत. क्लारा शूमानचा कॉन्चेर्टो तिनं सोळाव्या वर्षी लाइप्झिगमध्ये स्वतः वाजवला, कंडक्टर मेंडेल्सोन! अशी रचना हळदीकुंकवाच्या वाणासारखी वाटून टाकायची? आणि अठराव्या शतकातल्या फ्रान्समधल्या त्या कृष्णवर्णीय संगीतकार सेंट-जॉर्जला 'ब्लॅक मोझार्ट' म्हणतात ते तर डोक्यात जातं. माणूस मोझार्टपेक्षा अकरा वर्षांनी मोठा, हायडनच्या पॅरिस सिंफन्या पहिल्यांदा ज्यानं वाजवून घेतल्या तो, आणि ओळख काय, तर दुसऱ्याची काळी आवृत्ती.

सातूचंपीठ

आठ मार्चबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. (असं होईल असं वाटलं नव्हतं.)

टीका झाल्यावर ऑर्केस्ट्रा हलतात, हे मात्र खरं. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रानं २०१८-१९ चा हंगाम जाहीर केला त्यात एकही स्त्री-संगीतकार नव्हती. ओरड झाली, मग यादीत भर पडली. त्याच ऑर्केस्ट्रानं पुढे प्राइसच्या पहिल्या आणि तिसऱ्या सिंफनीचं ध्वनिमुद्रण केलं, २०२२ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. म्हणजे लाजेपोटी सुरू झालेलं कामही चांगलं होऊ शकतं.

पण चौथी सिंफनी, ती सेंट ॲनच्या घरातली, पहिल्यांदा कोणी वाजवली? २०१८ मध्ये आर्कान्सातल्या फोर्ट स्मिथ या गावच्या ऑर्केस्ट्रानं. लिहून झाल्यावर ७३ वर्षांनी. मोठी नावं रांगेत मागे होती.

माडाचीमुळी

मडगांवहून बोलतोय. शिकागो-बोस्टन झालं, आता जरा घरी या.

तुम्हा सगळ्यांना 'माय नेम इज अँथनी गोन्साल्विस' पाठ आहे. तो खरा माणूस होता हे किती जणांना माहीत आहे? माजोर्डा गाव, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. वडील चर्चमधले संगीत-शिक्षक. पोर्तुगीज काळातल्या पॅरिश शाळांत आमच्याकडे पोरांना अक्षरांबरोबर सोल्फेज (स्वरलिपी वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवत, म्हणून मुंबईच्या सिनेमात नोटेशन वाचणारे सगळे गोंयकार. अँथनीबाब तिथे व्हायोलिन वाजवत, अरेंजमेंट करत आणि शिकवत. प्यारेलाल त्यांचे शिष्य. ते १९७७ चं गाणं ही शिष्याची गुरुदक्षिणा.

पण त्यांचं खरं वेड वेगळं होतं. रागांवर सिंफनिक रचना. १९५८ मध्ये त्यांनी स्वतःचा भारतीय सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, शंभराहून जास्त वादक, सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात मैफल, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. सारंग रागातला कॉन्चेर्टो त्यांच्या नावावर आहे. १९६५ मध्ये अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. परत येऊन माजोर्ड्याला राहिले, गाजावाजा नाही काही नाही, २०१२ मध्ये गेले.

पहिला प्रयोग झाला होता, तोही लता मंगेशकर घेऊन. दुसरा? तुम्हीच सांगा.

आणि सिनेमाच्या श्रेयनामावलीत बघा. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट. पूर्ण ऑर्केस्ट्रा यांनी लिहायचा आणि नाव 'सहाय्यक' म्हणून, तेही आलं तर. आमच्या आळीतले म्हातारे अजून गाणं लागलं की म्हणतात, "हें व्हायोलिन आमच्या अमक्याचें." तेवढंच कॉपीराइट.

चर्चगेटफास्ट

माडाचीमुळी, दंडवत घ्या.

मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्राला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे. मी बऱ्यापैकी नियमानं जातो, स्वस्तातल्या तिकिटावर. जमशेद भाभा थिएटरात ऑर्केस्ट्राच्या नावात इंडिया आणि कार्यक्रमात चायकोव्हस्की, हे रुटीन. तक्रार नाही, चायकोव्हस्की मला आवडतो. २०१५ मध्ये झाकीरभाईंकडून तबल्यासाठी कॉन्चेर्टो लिहून घेतला, 'पेशकार'. पुढे परदेशातही वाजला. उत्तम.

पण एक निरीक्षण. भारतीय माणूस ऑर्केस्ट्राच्या दारातून आत येतो तो वाद्य काखोटीला मारूनच. रविशंकरांचा पहिला सतार कॉन्चेर्टो १९७१, लंडन सिंफनी. दुसरा १९८१, न्यूयॉर्क, कंडक्टर आपले झुबिन मेहता. मग तबला. सतार-तबला न घेता नुसता संगीतकार म्हणून गेलेला नरेश सोहल आठवतो का कोणाला? पंजाबातला माणूस, १९८२ मध्ये लंडनच्या बीबीसी प्रॉम्स या संगीत महोत्सवात त्याची मोठी रचना झाली, आयुष्यभर ब्रिटनमध्ये राहून लिहीत होता. भारतात नाव सांगा, समोरचा म्हणतो "तो नरेश अय्यर का?" वनराज भाटियांचंही तेच. पॅरिसच्या विख्यात संगीत-शिक्षिका नादिया बुलांजेंकडे शिकलेला माणूस, आपल्याला माहीत जाहिरातींपुरता आणि बेनेगलांपुरता.

हल्ली अमेरिकेत रीना इस्माईल नावाच्या बाई आहेत, भारतीय वंशाच्या. हिंदुस्थानी राग आणि पाश्चात्य ऑर्केस्ट्रा दोन्ही नीट शिकलेल्या. त्यांच्या रचना ऐका. राग आहे म्हणून सतार हवीच असा हट्ट नाही.

तानपुराजुळेना

रीना इस्माईल +१. खटक्या-मुरक्या पाश्चात्य वादकाला वाचून वाजवता येतील अशा लिहिणं सोपं नाही. आमचे गुरुजी दहा वर्षं घेतात तेवढ्याला.

प्राइसच्या पहिल्या सिंफनीची बसून या फुंकवाद्यावरची सुरुवातीची धून ऐकली. मला सरळ धानी राग दिसला. (प्रत्येक पाच सुरांत राग शोधणाऱ्या जमातीत मीही मोडते, माफी असावी.)

दिवाळीअंक

पॉपकॉर्न संपले, भांडण काही झालं नाही. त्यापेक्षा गंभीरपणे विचारतो: व्हिएन्नावाले तर सगळ्यात कर्मठ ना? एक जानेवारीला सगळ्या जगाला दिसतात ते. त्यांचं काय?

चर्चगेटफास्ट

व्हिएन्ना फिलहार्मोनिकनं बायकांना सदस्यत्व दिलं तेच १९९७ मध्ये. त्याआधी हार्पवाल्या बाई वर्षानुवर्षं वाजवत होत्या, पण सदस्य नव्हत्या. नववर्षाच्या मैफलीत बाईची पहिली रचना २०२५ मध्ये: कॉन्स्टान्झे गायगर, 'फर्डिनांडुस वॉल्ट्झ', तिनं अगदी कोवळ्या वयात लिहिलेला. कंडक्टर मुती. आणि २०२६ च्या एक जानेवारीला तुमच्या प्राइसबाईंचा 'रेनबो वॉल्ट्झ'. पाय मोडून लिहिणारी बाई व्हिएन्नाच्या सोनेरी दालनात.

शंकासुर

वॉल्ट्झ! सिंफनी नाही, वॉल्ट्झ. मागचाबाकांची दहा मिनिटं.

(हे मी त्यांच्या बाजूनं बोलतोय, याची नोंद घ्यावी.)

सातूचंपीठ

नोंद घेतली. :)

मला नवीन रचना लिहून घेण्याबद्दल थोडं सांगायचंय, कारण तिथेही हाच घोळ. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकनं स्त्रियांच्या मताधिकाराच्या शंभरीनिमित्त १९ बायकांकडून नव्या रचना मागवल्या, 'प्रोजेक्ट १९'. पहिल्याच लॉटमधली तानिया लिओन यांची 'स्ट्राइड', फेब्रुवारी २०२०. तिला २०२१ चं पुलित्झर मिळालं आणि मग इतर ऑर्केस्ट्रांनीही ती घेतली. हवानात जन्मलेल्या, तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाई. पण दुसरा प्रयोग लागायला पुलित्झर लागत असेल तर उरलेल्या अठराजणींनी काय करायचं? 'जागतिक प्रीमियर' छापलं की देणगीदार येतात, फोटो येतात. 'दुसऱ्यांदा सादर' असं पोस्टरवर कोणी छापलेलं मी तरी बघितलं नाही.

लेकीला विचारलं, पुढच्या वर्षी उरलेली सिंफनी वाजवणार का? म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी 'न्यू वर्ल्ड' आहे."

मागचाबाक

हसू की रडू.

बरं, ताई, एक व्यावहारिक उपाय सांगतो. ज्यांचे हक्क संपलेत अशांपासून सुरुवात करा, म्हणजे पार्ट्स विकत घेऊन कपाटात ठेवता येतात. लुईज फारेंक, तिसरी सिंफनी, जी मायनर. १८४९ मध्ये पॅरिसमध्ये पहिल्यांदा वाजली ती बेथोवेनच्या पाचवीच्या जोडीला, म्हणजे तेव्हाच तिच्या अंगावर कोणी दहा मिनिटांची झूल घातली नव्हती. या बाई पॅरिस कॉन्झर्व्हेटरीत पियानोच्या प्राध्यापक. पुरुष सहकाऱ्यांइतका पगार मागितला आणि मिळवला, १८५० मध्ये. आमच्या ऑर्केस्ट्रानं चार वर्षांपूर्वी ही सिंफनी केली होती. मध्यंतरानंतर, मुख्य म्हणून. समितीत माझा घसा बसला होता तेव्हा. तिकीटविक्री नेहमीएवढीच झाली, कमी नाही, जास्त नाही. वाजवली मात्र आम्ही बेताचीच. शेवटच्या भागात सेकंड व्हायोलिन्स दोन मापं (तालाची दोन आवर्तनं म्हणा) पुढे पळाली. त्यात मीही होतो.

सातूचंपीठ

यादी करूया का इथेच? पूर्ण लांबीच्या, मुख्य जागी ठेवता येतील अशाच. एमी बीचची 'गेलिक', १८९६. विल्यम ग्रँट स्टिलची 'ॲफ्रो-अमेरिकन', १९३१ मध्ये पहिल्यांदा वाजली. विल्यम डॉसनची 'निग्रो फोक सिंफनी', १९३४, कंडक्टर स्टोकोव्हस्कीनं केली होती. बाकी तुम्ही भरा.

शंकासुर

एकोणिसाव्या शतकातली जर्मन संगीतकार एमिली मायर घाला. परवापासून तिच्या सिंफन्या ऐकतोय. आणि प्राइस तिसरी, पहिलीपेक्षा खूप सरस आहे. पहिलीबद्दल माझं मत तेच. पण आत्तापर्यंत तीन वेळा ऐकली, तिसऱ्यांदा पहिला भाग तेवढा लांब वाटला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.

मागचाबाक

धागा वर काढतोय, पाच महिन्यांनी. पुढच्या हंगामात फारेंक पुन्हा लागली. या वेळी माझा घसा बसला नाही. नव्या कंडक्टरनं स्वतःहूनच सुचवली. काल पहिली तालीम होती. कपाटातून तेच पार्ट्स निघाले, मागच्या वेळच्या खुणांसकट. माझ्या बाकावरच्या वहीत शेवटच्या भागात, जिथे आम्ही पळालो होतो तिथे, माझ्याच अक्षरात मराठीत लिहिलंय: "थांब की लेका." शेजारी नवीन आलेला कोरियन मुलगा विचारत होता, हे काय आहे म्हणून. सांगितलं. थांबला तो बरोबर.